दीर उंची विचारतात, तुम्ही वजन कळवा

वाचकाचं पत्र :

"नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. येत्या फेब्रुवारीत मी, माझे मिस्टर आणि आठवीतला मुलगा असे तिघं दहा दिवसांसाठी गुलमर्गला चाललो आहोत. नुसता बर्फ बघायला नाही, स्कीइंग शिकायला. माझे धाकटे दीर म्युनिकला असतात. नवशिक्यांना आखूड स्की सोप्या पडतात असं त्यांचं म्हणणं आहे, म्हणून डिसेंबरात येताना ते आमच्यासाठी घेऊन येणार आहेत. त्यांच्या ओळखीत 90 सेंटीमीटरची एक आणि 120 सेंटीमीटरची एक अशा दोन जुन्या जोड्या आहेत, लागली तर एखादी नवी घेऊ म्हणतात. 'वहिनी, तिघांची उंची कळवा, त्यावरून माप ठरवतो,' असा निरोप आलाय. माझी उंची 154 सेंटीमीटर, वजन 58 किलो, वय 44. मिस्टरांची उंची 172, वजन 86, वय 52. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालंय. मुलगा 148 सेंटीमीटर, 38 किलो. कोणी किती लांबीच्या घ्याव्यात? आणि मिस्टरांनी या भानगडीत पडावं का?"

उत्तर :

प्रिय ताई,

तुमचं पत्र हातात पडलं आणि मी दुसरी सगळी पत्रं बाजूला ठेवली. याच सोलापुरात मी 27 वर्षं शाळेत खेळ शिकवले आणि एकतिसाव्या वर्षी गुलमर्गला जाऊन पहिल्यांदा स्की पायाला बांधली. आपल्या गावातून कुणी सहकुटुंब हे शिकायला निघालंय याचा मला फार आनंद झालाय. आणि काळजीही वाटतेय, कारण तुमच्या पत्रात लांबीबद्दल सगळं आहे, पण त्या दोन जुन्या जोड्यांवर बूट कशाने अडकवतात याबद्दल एक अक्षर नाही.

आधी मापाचंच बघू. दीर उंची विचारतात ते चुकीचं नाही, जुनं आहे. पूर्वी हात डोक्यावर सरळ उभा धरायचा आणि स्कीचं टोक मनगटाला लागलं की ती आपल्या मापाची, असा हिशोब होता. त्या हिशोबाने मोठ्या माणसाच्या पायाला दोन मीटरची फळी यायची. 1990 च्या दशकात मध्ये निमुळत्या आणि दोन्ही टोकांना रुंद अशा स्की आल्या. त्या आडव्या केल्या की आपसूक वळतात, त्यामुळे लांबी हनुवटी ते कपाळ एवढ्यावर आली. नवशिक्याला आजही हनुवटीचं माप सांगतात. पण हे झालं नेहमीच्या स्कीचं. आखूड स्कीची गोष्टच वेगळी. तिथे उंचीचा संबंध जवळजवळ सुटतो आणि वजन पुढे येतं.

का, ते आपल्या रानातल्या दाखल्याने सांगते. पावसानंतर काळ्या रानात लोखंडी धावेची बैलगाडी घातली तर चाक आत जातं आणि बैल अडतात. तीच गाडी, तेवढाच ऊस, पण रुंद रबरी टायर असले की निघून जाते. ओझं तेवढंच, ते पसरलं किती जागेवर एवढाच फरक. बर्फाला तुमची उंची कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की एका चौरस सेंटीमीटरवर किती भार आला.

आता तुमचेच आकडे घेऊ. कपडे, बूट, पाठीवरची पिशवी धरून तुमचं वजन 63 किलो, मिस्टरांचं 93 आणि मुलाचं 43 समजा. स्की सरासरी 9 सेंटीमीटर रुंद धरा. 90 ची जोडी म्हणजे साधारण 1,620 चौरस सेंटीमीटर जागा, 120 ची म्हणजे 2,160. तुम्ही 90 वर उभ्या राहिलात तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 39 ग्रॅम भार येतो. मिस्टर 120 वर उभे राहिले तर 43 ग्रॅम. म्हणजे तुम्ही लहान जोडीवर जेवढ्या रुताल, त्याहून ते मोठ्या जोडीवर जास्त रुततील. उंचीच्या हिशोबात हे कधीच दिसलं नसतं. तुमच्या दोघांच्या उंचीत एका वितीपेक्षाही कमी अंतर आहे, वजनात मात्र 28 किलोचं.

हे गुलमर्गला फार महत्त्वाचं आहे. गुलमर्ग जगात ओळखलं जातं ते तिथल्या भुसभुशीत, कोरड्या, खोल बर्फासाठी. रात्री पडला तर सकाळी गुडघाभर असतो. युरोपात आखूड स्कीवर लोक मजेत फिरतात ते यंत्राने दाबून गुळगुळीत केलेल्या उतारांवर. तुमच्या दिरांनी म्युनिकहून जवळच्या आल्प्समध्ये तेच पाहिलं असणार, म्हणून त्यांचा सल्ला तिथल्या जमिनीला धरून बरोबर आहे. गुलमर्गलाही शिकाऊ उतारांवर बर्फ येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी आणि स्कीने दाबला जातो, तिथे 120 ची जोडी छान चालेल. पण दाबलेली पट्टी सोडून दहा पावलं बाजूला गेलात की आखूड स्कीचं टोक खाली घुसतं आणि माणूस तोंडावर जातो.

मग आखूड घ्यायची तरी कशाला? कारण ती वळते. बोळातून लांब शिडी घेऊन कोपऱ्यावर वळून बघा, आणि तिथेच एक छोटी घडवंची घेऊन वळा. वजनातला फरक एक वेळ सोडा, लांबीच आडवी येते. एकाच रुंदीच्या, एकाच जाडीच्या दोन फळ्या घेतल्या तर मधोमध धरून फिरवायला लागणारा जोर लांबीच्या घनाने वाढतो. 160 सेंटीमीटरच्या स्कीशी तुलना केली तर 120 ची फिरवायला दोन पंचमांशाच्या आसपास जोर पुरतो, आणि 90 ची तर एक पंचमांशाहूनही कमी जोरात फिरते. नवशिक्याला पहिल्या दिवशी रडवते ती नेमकी ही गोष्ट. पाय वळवायचे असतात आणि पायाला बांधलेलं ते लांबलचक धूड वळत नाही. आखूड स्कीवर तासाभरात वळण जमतं, भीती जाते, आणि भीती गेली की माणूस गुडघे वाकवायला तयार होतो. ताठ गुडघ्यांनी आजवर कुणी स्कीइंग शिकलेलं मी पाहिलं नाही.

यात नवं काही नाही. अमेरिकेत 1960 च्या दशकात क्लिफ टेलर या शिक्षकाने हीच पद्धत रुजवली. आधी साधारण तीन फुटी स्कीवर उभं करायचं, जमलं की चार फुटी, मग पाच फुटी, अशी पायरीपायरीने लांबी वाढवायची. शिकणारा पहिल्या दिवसापासून दोन्ही पाय समांतर ठेवून वळतो. एरवी सगळीकडे आधी पाचर शिकवतात, म्हणजे पुढची टोकं जवळ, मागच्या शेपट्या लांब, तांदूळ निवडताना सूप धरतो तसा आकार, आणि त्याच्या अडथळ्याने वेग कमी करायचा. 90 च्या स्कीला बर्फावर घासायला धारच पुरेशी नसते, त्यामुळे पाचरीने ती नीट थांबत नाही. तिथे बाजूला वळूनच थांबावं लागतं. 120 वर दोन्ही जमतं. म्हणून शिकायला तीच मला पसंत. तुमचा तिथला शिक्षक पाचरीपासूनच सुरुवात करील याची खात्री बाळगा, आणि 90 ची जोडी पाहून तो कपाळाला आठ्या घालील याचीही.

आखूड स्कीची खोड काय, तेही ऐका. मागे शेपूट नसते. लांब स्कीवर माणूस जरा मागे रेलला तर शेपूट त्याला टेकू देते, इथे सरळ पाठीवर पडायला होतं. वेग वाढला की ती पायाखाली थरथरते आणि कडक, घोटलेल्या बर्फावर धार पकडत नाही. सकाळी लवकर उतार असाच कडक असतो, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस ऊन जरा वर आल्यावरच सुरू करा. मागे रेलण्याची सवय मात्र आखूड स्की चार-दोन वेळा पाडूनच काढते, आणि ती गेलेली बरी. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला टेकलेली राहिली पाहिजे, एवढं एकच वाक्य पहिल्या दिवशी मनात घोळवत राहा.

आता माझी खरी चिंता, ती बुटाची पकड. बूट स्कीवर ज्याने अडकतो त्याला बाइंडिंग म्हणतात. बाइंडिंग दोन जातींची असतात. एक सुटणारी: पडताना पायावर ठरावीक जोराहून जास्त पीळ आला की टाचेकडून किंवा पंज्याकडून झटकन उघडते आणि स्की पायापासून वेगळी होते. दुसरी न सुटणारी: धातूची किंवा प्लास्टिकची साधी पकड, हाताने लावायची, हाताने काढायची, काहीही झालं तरी पायाला चिकटलेली. 1990 च्या दशकाच्या शेवटी सॅलोमनच्या 90 सेंटीमीटरच्या 'स्नोब्लेड' खूप खपल्या, इतक्या की त्या जातीच्या सगळ्याच स्कीला लोक तेच नाव घेऊ लागले. त्या काळच्या अशा छोट्या जोड्यांवर बहुतेक न सुटणारी पकडच असायची. कल्पना अशी की फळी एवढी छोटी आहे, ती काय पाय पिरगाळणार.

पिरगाळते, ताई. हे माझ्या नडगीने शिकवलंय.

अकरा वर्षांपूर्वी हिमाचलात एका भाड्याच्या दुकानातून मी 94 सेंटीमीटरची जोडी घेतली. पकड न सुटणारी आहे हे मला दिसत होतं. दुकानदार म्हणाला, छोट्या स्कीला लागत नाही. तोवर मी बारा-तेरा हिवाळे स्कीइंग केलेलं होतं, तरी मी मान डोलावली. दुपारचे चार वाजले होते, बर्फ ओला आणि जड झाला होता. वेग अगदी कमी, चालण्याहून थोडा जास्त. डावी स्की ओल्या बर्फात अडकली आणि जागच्या जागी थांबली. अंग पुढे जात, वळत राहिलं. बूट नडगीच्या मध्यापर्यंत कडक, त्याखाली पकड सुटत नाही, वर सगळं शरीर फिरतंय. मग हाड जाणार कुठे? जिथे बुटाची कड संपते तिथेच तडा गेला. आवाज मला ऐकू आला होता. दिल्लीहून कर्नाटक एक्सप्रेसने प्लास्टरमधला पाय समोरच्या बर्थवर ठेवून आले, आणि पुढचे अडीच महिने शाळेच्या मैदानावर खुर्चीत बसून शिट्टी वाजवली.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की ही जगभर ओळखीची दुखापत आहे. न सुटणाऱ्या पकडीच्या छोट्या स्कीवर गुडघ्याच्या लिगामेंटला तुलनेने कमी इजा होते, कारण तरफच छोटी, पण नडगी मोडण्याचं प्रमाण वाढतं. गुडघ्यावरचा जोर नाहीसा होत नाही, तो खाली सरकतो. म्हणून कुणी तुमच्या मिस्टरांना सांगितलं की "ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला छोटी स्की चांगली", तर ते अर्धंच खरं आहे.

तेव्हा दिरांना पहिला प्रश्न लांबीचा नको. त्या दोन जोड्यांच्या पकडीचा फोटो मागवा. सुटणाऱ्या बाइंडिंगवर पुढे आणि मागे एक-एक छोटी खिडकी असते, आत आकड्यांची पट्टी दिसते आणि तो आकडा स्क्रूने कमीजास्त होतो. टाचेजवळ दोन काटे असतात, ते ब्रेक. स्की सुटली की खाली उघडून बर्फात रुततात, म्हणजे मोकळी फळी उतारावरून कुणाच्या अंगावर जात नाही. खिडकी आणि काटे दोन्ही दिसले नाहीत तर ती जोडी न सुटणारी समजा आणि तिथेच राहू द्या. फुकट मिळाली तरी नको. 90 ची जोडी बहुधा याच जातीची निघेल असा माझा अंदाज आहे.

बाइंडिंग सुटणारी असली तरी तिचं वय विचारा. आतलं प्लास्टिक आणि स्प्रिंग वीस वर्षांनी तसंच राहत नाही. जर्मनीत कुठल्याही चांगल्या क्रीडासाहित्याच्या दुकानात यंत्रावर लावून ती किती जोराला सुटते हे मोजून देतात, आणि फार जुनी असेल तर हातच लावत नाहीत. दिरांना म्हणावं, दुकानदाराने नकार दिला तर तेच उत्तर समजा.

तो खिडकीतला आकडा प्रत्येकाचा वेगळा. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि माणूस किती जोरात स्कीइंग करतो, या पाचांवरून तक्त्यात बघून काढतात. उंचीचा उपयोग आहे तो इथे. वय 50 च्या पुढे गेलं की तक्त्यात एक पायरी खाली यावं लागतं, म्हणजे बाइंडिंग जरा लवकर सुटली पाहिजे. मिस्टर 52 चे आहेत, तेव्हा हे दुकानात आवर्जून सांगायचं. आणि "मी दणकट आहे, सारखी सुटते, जरा आवळा" असं त्यांनी तिथे म्हणायचं नाही. एक जोडी दोघांनी आलटून पालटून वापरायची असेल तर प्रत्येक वेळी आकडा बदलून घ्यायचा. तुमचा आकडा मिस्टरांना लावला तर स्की विनाकारण सुटेल. त्यांचा तुम्हाला लावला तर सुटायच्या वेळी सुटणार नाही, आणि ते जास्त वाईट.

मिस्टरांनी करावं का, या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, ते त्यांच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी द्यायचं. पण डॉक्टरांना "बर्फात खेळायला जातोय" असं मोघम सांगू नका. बूट घोट्यापासून नडगीपर्यंत आवळून बसतो, घोटा हलत नाही, आणि पडताना सगळा पीळ गुडघ्यावर येतो, हे नीट सांगा. मग ते मांडीच्या स्नायूंची ताकद दोन्ही पायांत सारखी आहे का ते बघतील. ऑपरेशनच्या पायाची मांडी तीन वर्षांनीही बारीक राहिलेली मी अनेकांची पाहिली आहे. डॉक्टरांनी हो म्हटलं तर आजपासून फेब्रुवारीपर्यंत रोज भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसणं, एका पायावर उभं राहणं, आणि संध्याकाळी कंबर तलावाकाठी भरभर चालणं. एवढ्याने पुष्कळ होतं.

डॉक्टरांनी परवानगी दिली असं धरून मापं सांगते.

तुम्हाला 120 ची जोडी, बाइंडिंग सुटणारी आणि धड असेल तर, उत्तम. तुमच्या वजनाला ती दर चौरस सेंटीमीटरला 29 ग्रॅमच भार देईल. वळायला हलकी, थांबायला पुरेशी. दहा दिवस पुरून उरेल. कदाचित आठव्या दिवशी वाटेल की थोडी लांब असती तर बरं. वाटलं तर तिथेच 140 च्या आसपासची भाड्याने घेऊन बघा.

मिस्टरांना 120 नको. त्यांच्या वजनाखाली ती नको तितकी वाकेल आणि रुतेल. त्यांच्यासाठी नवी घ्यायचीच असेल तर 130 ते 135 ही आखूडपणाची शेवटची हद्द. पण मी तर म्हणते, नवी घेऊच नका. गुलमर्गला नेहमीची, नवशिक्यांची, 150 ते 155 ची मऊ स्की भाड्याने घ्या. वळायला थोडी जड जाईल, पण ती त्यांचं वजन पेलेल, मागे टेकू देईल, आणि दहा दिवसांच्या हौसेसाठी युरो खर्च होणार नाहीत.

मुलाचं वेगळंच आहे. 148 सेंटीमीटरच्या मुलाच्या हनुवटीला 120-125 ची स्की येते. म्हणजे जी तुम्हाला आखूड, ती त्याची नेहमीचीच. लांबी जुळली म्हणून ती 120 ची जोडी त्याला द्यावी असं वाटेल, पण नका देऊ. मोठ्यांसाठी केलेली आखूड स्की मोठ्यांच्या वजनाने वाकेल अशी कडक असते. 38 किलोच्या मुलाखाली ती फळीसारखी सरळ राहते, वाकत नाही, म्हणून वळत नाही. त्याला वाटेल आपल्यालाच जमत नाही. शिवाय मोठ्यांच्या बाइंडिंगचा आकडा त्याच्या वजनाइतका खाली येईलच असं नाही. त्याच्यासाठी लहान मुलांची, 120-125 ची मऊ स्की तिथेच भाड्याने घ्या. मुलं शिकतात लवकर. तिसऱ्या दिवशी तो तुमची वाट बघत खाली उभा असेल.

90 ची जोडी तिघांपैकी कुणालाच नको.

दिरांना स्कीवर छापलेले आकडे वाचून दाखवायला सांगा. लांबी तर असतेच. त्याच्याशेजारी तीन आकडे असतात, टोकाची, मधली आणि शेपटीची रुंदी मिलिमीटरमध्ये. मधला आकडा 75 ते 90 च्या दरम्यान असेल तर गुलमर्गच्या शिकाऊ उतारांना चांगलं. त्यापुढे वळणाची त्रिज्या मीटरमध्ये. आखूड स्कीची 10 च्या आतबाहेर असते, नेहमीच्या लांबीच्या स्कीची बहुधा त्याहून बरीच जास्त. आणि खालची लोखंडी धार बोटाने नाही, नखाने तपासा. नखाचा कीस निघाला तर धार आहे. गंजाचे खड्डे असतील तर नको.

बुटांवर मात्र कंजुषी करू नका. स्कीचं माप दहा सेंटीमीटर इकडेतिकडे झालं तरी निभावतं, बुटाचं एक सेंटीमीटर चुकलं तर दहा दिवस वाया. स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पायाची लांबी, सेंटीमीटरमध्ये. भिंतीला टाच टेकवून उभ्या राहा, सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. साडेतेवीस आलं तर नंबर साडेतेवीस. बूट घातल्यावर सरळ उभं असताना बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की जराशी मागे सुटली पाहिजेत. चपला घालणारे आपले पाय असतात, बूट आवळला की आपण लगेच मोठा मागतो, आणि तिथला मुलगा तो देतो. मोठ्या बुटात पाय फिरतो, स्की फिरत नाही. मोजे एकच जोडी, पातळ, गुडघ्यापर्यंत. थंडीच्या भीतीने दोन-दोन लोकरी मोजे चढवले तर रक्त अडतं आणि पाय आणखी गार पडतात.

एक ताळा मात्र इथूनच जुळवून जायचा. तुमच्या 120 च्या जोडीवरची बाइंडिंग तिथल्या भाड्याच्या बुटाला बसली पाहिजे. बुटाच्या टाचेच्या बाजूला तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, 275 किंवा 285 असं काही. बाइंडिंग मागेपुढे सरकणारी असेल तर काम झालं. स्क्रूने एकाच मापाला ठोकलेली असेल तर बूट सापडेपर्यंत तुमचा एक दिवस जाईल. चढाईच्या बुटांचे तळवे रबराचे, गोलसर असतात, ते नेहमीच्या बाइंडिंगमध्ये नीट बसत नाहीत आणि नीट सुटतही नाहीत. सपाट, कडक तळव्याचा बूट मागायचा.

शिक्षकाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. केंद्राच्या पर्यटन खात्याची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था गुलमर्गला 1968 पासून आहे. तिथे कोर्स घेतलात तर साहित्य संस्थाच देते, मग दिरांना त्रास द्यायचं कारणच उरत नाही. खासगी शिक्षक घेतलात तर पहिल्या भेटीतच आखूड स्की दाखवा आणि तिच्यावर शिकवणार का ते विचारा. आणि गंडोल्याच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवत डोंगरावर, 3,900 मीटरच्या वर, स्की घेऊन जाऊ नका. वर जाऊन हिमशिखरं बघा, फोटो काढा, आणि गंडोल्यानेच खाली या. तिथला बर्फ खोल, दाबलेला नाही, हिमस्खलनाचा धोका खरा आहे, आणि आखूड स्की तिथे काही कामाची नाही.

परत आल्यावर जोडी माळ्यावर पत्र्याखाली टाकू नका. आपल्या मे महिन्यात पत्र्याखाली हात ठेववत नाही. स्कीचे थर गोंदाने चिकटवलेले असतात, तो असा तापणं बरं नाही. धार कोरड्या फडक्याने पुसा, तळव्यावर आणि धारेवर मेणाचा जाड थर द्या, आणि दोन्ही फळ्या जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून घरातल्या सगळ्यात गार खोलीत, पलंगाखाली आडव्या ठेवा.

दिरांना पाठवायचा निरोप मी लिहून देते, हवा तर असाच पुढे ढकला:

"भाऊजी, माझं वजन 58, पायाची लांबी आज रात्री मोजून कळवते. 90 ची जोडी आणू नका. 120 च्या बाइंडिंगचा वरून आणि बाजूने फोटो पाठवा, खिडकीतले आकडे आणि ब्रेकचे काटे दिसू देत. ती बुटाप्रमाणे मागेपुढे सरकते का बघा. दुकानात यंत्रावर तपासून घ्या, किती जुनी आहे ते विचारा. ते नको म्हणाले तर आणू नका, आम्ही तिथे भाड्याने घेऊ. ह्यांच्यासाठी आणि चिरंजीवांसाठी काही घेऊ नका. ह्यांच्या डॉक्टरांची वेळ सोमवारची घेतली आहे."

शेवटचं वाक्य खरं करून मगच पाठवा.